शनिवारचं शिवण

६ जानेवारी, मंगळवार

ही वही खरं तर कामाच्या याद्यांसाठी आणली होती. यादी चार ओळींत संपली. मोजे, बटणं, कापूस, बोथट सुया. उरलेल्या पानांचं काय करायचं म्हणून लिहिते आहे.

कारखान्याला कुलूप लागून आज तीन महिने झाले. एकतीस वर्षं मी तिथे नमुने शिवले. मी एक शर्ट शिवायचा, तो बघून बाकीच्या बायकांनी हजार शिवायचे. माझ्या नजरेतून अर्ध्या सुताची चूक सुटायची नाही, असं साहेब म्हणायचे. आता कापडाकडे बघवत नाही, आणि तरी पुन्हा कापडच हातात घेतलंय. दुसरं येतं काय मला?

झालं असं. गेल्या महिन्यात शेजारच्या नर्सबाईंच्या मुलीचा वाढदिवस होता. जादूगार यायचा होता, तो आलाच नाही. नऊ पोरं भिंतींवर चढायची बाकी होती. तेव्हा ताई उठली, घरातून जुने मोजे घेऊन गेली आणि त्या नऊ जणांना जमिनीवर बसवून मोज्यांचे ससे करायला लावले. दोन तास घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. जाताना दोन आयांनी विचारलं, आमच्याकडे याल का? ताई म्हणाली, येऊ की. मला न विचारता.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. त्यामुळे मला विचारायची सवय तिला नाही. दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले तेव्हा ती माझ्याकडे आली, थोडे दिवस म्हणून. तिचा मुलगा दुसऱ्या गावी असतो. दोन खोल्या, खिडकीशी मशीन, आणि आम्ही दोघी.

वाण्याच्या दुकानात पाटी लावून आले: मुलांच्या वाढदिवसासाठी शिवण आणि हस्तकला. पाटी ताईनेच लिहायची होती, तिचं अक्षर मोत्यासारखं. पण हात दुखतो म्हणाली. मी लिहिली.

१० जानेवारी, शनिवार

पहिलं काम पार पडलं. बारा मुलं. बोटांत घालायच्या बाहुल्या: फेल्टच्या कापडाचे दोन तुकडे, कडेने धावदोरा, वर लोकरीचे केस. सहा वर्षांच्या मुलालाही जमेल असं मी कापून नेलं होतं.

ताईने तिथे जाऊन एक नवाच नियम काढला. म्हणाली, "ज्याचा दोरा त्याने ओवायचा. आजी कुणाचाही दोरा ओवणार नाही." आई-बापांना फार आवडलं. मुलांना स्वावलंबन वगैरे. प्रत्यक्षात बारांपैकी आठांना ओवता येत नव्हतं, आणि त्या आठ सुया माझ्याकडे आल्या. ताई मधोमध बसून बाहुल्यांच्या तोंडून बोलत होती. एक बाहुली सर्दीने बेजार, दुसरी तिला डॉक्टरकडे नेते, असलं काहीतरी. मुलं खिदळत होती.

मी घरी आले ते कंबर धरून. ताई म्हणाली, मजा आली, नाही? मी म्हटलं, हो.

१४ जानेवारी, बुधवार

बटणं रंगांप्रमाणे लावून ठेव म्हणून ताईला डबा दिला. संध्याकाळी बघते तर तपकिरी, काळी आणि गडद हिरवी एकाच वाटीत. म्हणाली, मुलांना मिसळलेलीच आवडतात. मी पुन्हा सगळी वेगळी केली. एवढं साधं काम सांगितलं तर त्यातही कारणं.

खालच्या बेकरीवालीने मला थांबवून विचारलं, ताईंचं काही बिनसलंय का माझ्यावर? समोरून हात केला तर बघितलंच नाही. मी सारवासारव केली. ताईला सांगितलं तर म्हणते, विचारात असेन. हल्ली माझ्याशी बोलतानाही ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघते. लहानपणी रुसली की अशीच करायची. कशावर रुसली आहे, देव जाणे. विचारायला माझ्यात त्राण नाही.

२४ जानेवारी, शनिवार

चौथ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट बंद. मशीनची गरज नव्हती म्हणून वाचले. पताका केल्या. प्रत्येक मुलाने एक त्रिकोण सजवायचा, सगळे मिळून एका फितीवर टाचायचे. उरलेल्या तुकड्यांच्या थैल्या शिवल्या, आत वाळलेले वाटाणे. मग बादलीत नेम धरून टाकायचा खेळ. चौदा मुलं, एक कुत्रं, आणि एक आजोबा, ज्यांना सगळ्यांपेक्षा जास्त खेळायचं होतं.

नर्सबाईंची शनिवारी ड्यूटी असते म्हणून त्यांच्या मुलीला आम्ही बरोबर नेतो. आठ वर्षांची आहे. काटकुळी आणि टोचरी, म्हणून मी तिला टाचणी म्हणते. तिला ते आवडतं. पण तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नाही. ताईचा हात धरून चालते आणि दिसेल ते बोलत सुटते: आजी, पायरी आली. आजी, हा दरवाजा उघडा आहे. आजी, हे निळं रीळ आणि हे लाल. मी म्हटलं, अगं, आजीला दिसतंय ना, जरा गप्प बस. ती दोन मिनिटं गप्प बसली. ताई तेवढ्यात कुत्र्याला अडखळली.

३१ जानेवारी, शनिवार

आज काम नव्हतं. दुपारपर्यंत पडून राहिले. कंबर जाग्यावर नाही.

खरं लिहायचं तर मनात एकच विचार घोळतोय. हे काम दोघींचं म्हणून सुरू झालं, पण करते कोण? कापणं माझं, आखणं माझं, मशीन माझं. ताई मशीनवर बसतच नाही, म्हणते आवाज डोक्यात जातो. चाळीस वर्षं घरच्या मशीनवर शिवलं, तेव्हा नाही गेला तो आवाज आत्ताच कसा गेला? सकाळी पेपरही मीच वाचून दाखवायचा. तुझा आवाज ऐकला की बरं वाटतं म्हणते. गोड बोलून काम काढून घेणं ताईकडून शिकावं. हातशिलाई तेवढी करते. हळू करते, पण टाका बघावा तर अजून एकसारखा.

मी लग्न केलं नाही, राहून गेलं. एकटीने राहायची मला सवय होती. आता घरात कुणीतरी सतत आहे, आणि त्या कुणाचं तरी सगळं मलाच बघावं लागतंय. हे लिहिताना लाज वाटते. पण वहीला कुठे कळतंय.

७ फेब्रुवारी, शनिवार

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या जुळ्यांचा वाढदिवस. अठरा मुलं. आजवरचं सगळ्यात मोठं काम. बाईंच्या ओळखी पुष्कळ. हे नीट झालं असतं तर वर्षभर चिंता नव्हती.

आठवडाभर मला ताप होता. म्हणून गुरुवारी मी ताईला सांगितलं, सशांचे कान तू काप, अंगं टाचून ठेव, मुलांनी फक्त कापूस भरायचा आणि कान जोडायचे. तिने कापड हातात घेऊन चाचपलं. मग म्हणाली, बरं. दोन दिवस दार लोटून बसली होती. मी उठून बघायला हवं होतं. नाही बघितलं. अंगात बळ नव्हतं.

तिथे पिशवी उघडून मी सगळं टेबलावर ओतलं. छत्तीस कानांपैकी दोन कान एकसारखे नाहीत. एक बोटाएवढा तर एक हाताएवढा. काहींची कड दातांनी तोडल्यासारखी. मुलांना त्याचं काही नव्हतं, ती हसत होती. माझा ससा बहिरा, तुझा ससा हत्ती, असं चाललं होतं. तेवढ्यात एक मुलगा किंचाळला. सशाच्या अंगात टाचणी राहिली होती. त्याच्या बोटातून रक्त आलं. दुसऱ्या एका सशात आणखी एक सापडली. मग सगळे ससे काढून घ्यावे लागले. जुळ्यांपैकी एक रडायला लागली, तिचं बघून दुसरी. डॉक्टरीणबाई काही वाईट बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "असू दे, आपण केक कापून घेऊ." तसं बोलण्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मी सगळ्यांसमोर ताईला म्हटलं, "डोळे फुटले होते का तुझे?"

ती माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघत उभी राहिली. बरोबर आलेल्या आमच्या टाचणीने मात्र माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिचं काही चोरलं होतं.

काढून घेतलेले ससे पिशवीत भरून घरी आलो.

८ फेब्रुवारी, रविवार

ताई आंघोळीला गेली तेव्हा मी भाच्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईला आता घेऊन जा. माझ्याच्याने होत नाही. दोन वर्षं झाली. थोडे दिवस म्हणून आली होती.

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "मावशी, तिला सांगितलंस का?" मी म्हटलं, तू आलास की सांगू. रविवारी बावीस तारखेला येतो म्हणाला, एक खोली खोक्यांनी भरली आहे, ती रिकामी करावी लागेल.

फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. चहा केला. दोन कप केले आणि तिचा कप तिच्या हाताशी ठेवला, तर तिने तो पाडला. मी फडकं आणलं. फरशी पुसली. आता चौदाच दिवस.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताईला नवीनच काहीतरी सुचलंय. सगळ्या रिळांच्या टोकांना गाठी मारत बसली आहे. पांढऱ्याला एक, काळ्याला दोन, लालला तीन. टाचणी शेजारी बसून रंग सांगते. कशाला म्हणून विचारलं तर दोघी म्हणाल्या, खेळ आहे. मला दोरा काढताना आता आधी गाठ सोडवावी लागते.

तिने स्वतःचं कपाटही आवरायला घेतलंय. कपडे घड्या घालून बॅगेशेजारी ठेवलेत. म्हटलं, हे काय? म्हणाली, कसर लागायला नको.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जसं झालं तसं लिहून काढते.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत लहानसं काम होतं, सहाच मुलं. डॉक्टरीणबाईंची गोष्ट अजून इथवर पोचली नव्हती. बटणांचा सुरवंट करायचा होता. दोऱ्यात एक मोठं, एक लहान अशी बटणं ओवत जायचं. मी टेबलाच्या त्या टोकाला होते. बघते तर टाचणी हळूच ताईच्या सुईत दोरा ओवून देत होती. एक झाली की दुसरी. पाच सुया ओवून तिने ताईच्या स्वेटरला एका ओळीत टोचून ठेवल्या, आणि ताई बोटांनी चाचपून एकेक काढत होती.

मला वाटलं, झालं, आता माझ्यानंतर या लेकरालाही कामाला लावलं. मी टाचणीला दाराबाहेर नेलं आणि म्हटलं, आजीचं काम आजीला करू दे, तू तिच्या सुया ओवायच्या नाहीत.

ती म्हणाली, "मग आजी शिवणार कशी?"

"जशी चाळीस वर्षं शिवत आली तशी."

"आजीला मधलं दिसत नाही," टाचणी म्हणाली. "कडेचं दिसतं. तोंड दिसत नाही, कान दिसतात. मी समोर उभी राहिले ना, तर मला डोकंच नसतं."

मी म्हटलं, कुणी सांगितलं तुला हे?

"आजीनेच. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांना माहीत आहे. फक्त तुम्हाला सांगायचं नव्हतं."

"मलाच का नाही?"

तिने ओठ दुमडले. मग म्हणाली, "तुम्ही तिला पाठवून द्याल म्हणून."

आतून ताईचा आवाज येत होता. सुरवंटाला चौऱ्याऐंशी पाय आहेत आणि आज त्याला बूट घ्यायला जायचंय, असं ती सांगत होती. आत जाऊन कार्यक्रम पुरा केला. कसा केला, आठवत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहा घेताना मी सुई आणि दोरा तिच्यासमोर धरला. म्हटलं, ओव.

तिने हात पुढे केलाच नाही. म्हणाली, "पोरीने सांगितलं वाटतं."

गेल्या उन्हाळ्यापासून, म्हणाली. आधी पेपरातली अक्षरं वाकडी झाली. मग मधोमध धुरकट डाग आला, धुतलं तरी न जाणारा. मग माणसांचे चेहरे गेले. माझाही गेला. ती खांद्यापलीकडे बघते ते मला कडेने बघता यावं म्हणून. मी डॉक्टरकडे का गेली नाहीस विचारलं, तर म्हणाली, डॉक्टरने सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. शहाणीसुरती बाई, आणि हे बोलते.

"कान कापताना सांगायचंस ना मला," मी म्हटलं.

"तुला ताप होता," ती म्हणाली.

दोन दिवस दार लोटून ती छत्तीस कान हाताने चाचपत कापत होती. एवढंच लिहिते. पुढे लिहवत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तीन तास बाकावर. चौकटींचा एक कागद दाखवून त्याने विचारलं, रेषा कशा दिसतात? ताई म्हणाली, मधे कापड ओढल्यासारखी सुरकुती आहे.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. उजव्याचा पुरा, डाव्याचा बराचसा. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकावं म्हणून डाव्या डोळ्यात महिन्यातून एकदा इंजेक्शन. कडेची नजर राहील. चालता-फिरता येईल, घरात वावरता येईल. वाचणं, ओवणं, चेहरे, हे नाही. आठ महिन्यांपूर्वी आला असतात तर डावा बराच वाचला असता, म्हणाला.

मग त्याने मला विचारलं, "घरात यांच्याबरोबर कोण असतं?"

"मी."

"तुमच्या काही लक्षात नाही आलं?"

तरुण आहे, त्याने सहजच विचारलं. अर्ध्या सुताची चूक माझ्या नजरेतून सुटत नसे, हे त्याला काय सांगू?

२२ फेब्रुवारी, रविवार

भाच्याला फोन करून नको येऊस म्हणायचं, हे रोज ठरवत होते. रोज वाटायचं, आधी ताईशी बोलू. ताईशी बोलायचं तर मी फोन केला होता हे आधी सांगावं लागणार. ते तोंडातून बाहेर पडेना. असे पाच दिवस गेले आणि तो दारात उभा.

तो चपला काढतो न काढतो तोच ताई आतून बॅग घेऊन आली. भरलेली. बॅगेच्या मुठीला दोरा बांधलेला, चटकन हाताला लागावा म्हणून.

मी म्हटलं, ही बॅग कधी भरलीस?

"अगं, मला दिसत नाही, ऐकू येतं," ती म्हणाली. "आपल्या न्हाणीघराचं दार म्हणजे पापुद्रा."

म्हणजे तिला आठ तारखेपासून माहीत होतं. दोन आठवडे माझ्यासमोर बसून जेवत होती.

मी म्हटलं, आता जायची गरज नाही, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. भाचा एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्याला डोळ्यांचंही आत्ताच कळत होतं. तो बिचारा पायरीवरच बसला.

ताई म्हणाली, "तू दमली आहेस. ठाऊक असो की नसो, दमलीस हे खरं आहे ना?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मला एक क्षण उशीर झाला. तेवढ्यात तिने चपला घातल्या. उलट्या पायांत. भाच्याने वाकून सरळ केल्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दहा मुलं. एकटी गेले. सगळं चोख होतं: कापलेलं, आखलेलं, मोजलेलं, सुया ओवून ठेवलेल्या. पाऊण तासात दहा ससे तयार. एकही कान वाकडा नाही.

आणि मग कुणाला काय करायचं कळेना. मुलं ससे हातात घेऊन माझ्याकडे बघत बसली. एका मुलीने विचारलं, "आता हा काय बोलतो?" मी म्हटलं, ससे बोलत नाहीत. तिने ससा खाली ठेवला.

टाचणीला बोलवायला गेले होते. नर्सबाई म्हणाल्या, तिला यायचं नाही. बाईंनी नजर टाळली. म्हणजे तिने घरी सगळं सांगितलंय.

८ मार्च, रविवार

भाच्याचा फोन. पहिलं इंजेक्शन झालं. काही त्रास नाही. आई जेवते कमी, दिवसभर टीव्हीसमोर बसते. तिला चित्र दिसत नाही, नुसतं ऐकते. नातवंडं शाळेत असतात, आली की आपापल्या खोलीत. सून चांगली आहे, पण तिला ऑफिस आहे. मग जरा घुटमळून म्हणाला, "मावशी, एक विचारू? घरातला एकेक मोजा गायब होतोय. तुला काही अंदाज?"

मी म्हटलं, तिच्या उशीच्या अभ्र्यात बघ.

घर शांत आहे. मला शांतताच हवी होती. सकाळी पेपर वाचताना मधेच लक्षात येतं की मी मोठ्याने वाचते आहे.

१४ मार्च, शनिवार

बसने चार तास. मधे एकदा उलटी झाली. मला बस लागते हे ताईला ठाऊक आहे, म्हणून तिने आधी लिंबाची फोडच हातात दिली. मी येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. जिन्यावर पावलं ओळखली म्हणे.

खोली चांगली होती. खिडकी, पलंग, टीव्ही. उशाशी सहा ससे. आंधळ्या बाईने शिवलेले म्हणून दया करावी असे मुळीच नाहीत. कान सारखे. बोटांनी मापून कापले, म्हणाली, घाई नव्हती.

मी कामाचंच बोलले. अठ्ठावीस तारखेला पंधरा मुलं आहेत. माझ्या दोन हातांनी होत नाही.

"आणि माझ्या हातांनी काय होणार आहे?"

"हात नकोत. तोंड लागतं तुझं. मुलं मला विचारतात ससा काय बोलतो, मला काय माहीत ससा काय बोलतो?"

ती हसली. मग बराच वेळ हातातल्या सशाचा कान चोळत राहिली. म्हणाली, "माझ्यामुळे त्या पोराच्या बोटाला टाचणी लागली. तू मला बोललीस त्याचं मला काही नाही. त्याचं बोट मला अजून आठवतं."

मी म्हटलं, मला दोन्ही आठवतं.

"पुढेही तू चिडशील," ती म्हणाली. "दमलीस की चिडतेस, लहानपणापासून. चीड. पण आधी विचारत जा मला, काय दिसतं, काय नाही. मीही सांगत जाईन. लपवून मी पण फार दमले गं."

भाचा आधी नको म्हणाला. आईला असं इकडून तिकडे, लोक काय म्हणतील. शेवटी ठरलं की इंजेक्शन आमच्या गावी, नर्सबाईंच्या हॉस्पिटलात. नर्सबाईंना मी अजून विचारलेलं नाही. उद्या विचारीन. त्या रागावल्या असतील तर ऐकून घेईन.

ताईला परत आणते आहे ती कामासाठी. एकटीने खरंच होत नाही.

२८ मार्च, शनिवार

पंधरा मुलं. ताईने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "आजीला मधलं दिसत नाही. त्यामुळे कुणी नुसती मान हलवायची नाही, तोंडाने बोलायचं." दोन मिनिटं प्रश्नांचा भडिमार झाला. स्वप्नात दिसतं का? रडता येतं का? मग संपलं. नंतर तिने सगळ्यांचे डोळे रुमालाने बांधून पिशवीतलं कापड ओळखायला लावलं: मखमल, खादी, पावसाळी कोटाचं कापड, टॉवेल. यजमानीणबाईंचे वडीलही रुमाल बांधून बसले.

टाचणी आली होती. माझ्याशी बोलली नाही, पण माझ्या पिशवीचा एक बंद तिने धरला.

मी अजूनही तेवढीच दमते. उलट आता जास्तच, कारण इंजेक्शनचे फेरे आणि पेपर दोन्ही वाढले. ताईला सगळं तपशिलात हवं असतं, अगदी हवामानसुद्धा. कंबर तशीच आहे. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलेलं नाही. बोलावतील असं वाटत नाही. बोटाला टाचणी लागलेल्या त्या मुलासाठी ताईने एक ससा पाठवला होता, त्याचंही उत्तर नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

उद्या बारा मुलं. आज दिवसभर मी मशीनवर अस्वलांची अंगं शिवली. शिवून झालं की ताईकडे द्यायचं. ती प्रत्येक अंग उलटंसुलटं करून बोटं फिरवते, आत टाचणी राहिली नाही ना बघते, मगच ते टोपलीत जातं. ही पद्धत तिनेच घातली.

शेवटचं अस्वल तिने दोनदा चाचपलं. मानेशी थांबली. म्हणाली, "इथे टीप सरकली आहे. उसव."

मी दिव्याखाली धरून बघितलं. अर्धं सूत असेल नसेल. सहा वाजून गेले होते, पाठ मोडून आली होती. मी म्हटलं, "एवढंसं कुणाला दिसणार आहे?"

"मला," ताई म्हणाली.

उसवलं.